ग्रंथपालांच्या परिषदेत कोणत्या सत्रांना बसावे : निघण्यापूर्वीपासून परतल्यानंतरपर्यंतची पद्धत

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे, शाळांचे आणि सार्वजनिक वाचनालयांचे ग्रंथपाल परिषदेला जातात तेव्हा बहुतेकांची सत्रांची निवड परिषदेच्या दारातच, नोंदणी कक्षात पिशवी हातात पडल्यावर होते. कार्यक्रमपत्रिका चाळली जाते, ओळखीच्या वक्त्याचे नाव दिसले की त्या सभागृहात जागा धरली जाते आणि समांतर सत्रांच्या वेळी बरोबरची मंडळी जिकडे वळतील तिकडे आपणही वळतो. दोन दिवसांनी प्रमाणपत्र मिळते, पण ग्रंथालयात अडलेले काम होते तिथेच राहते. लहान गावातील ग्रंथपालाला असा बाहेर पडण्याचा योग क्वचितच येतो आणि त्याच्या गैरहजेरीत देवघेवीची खिडकी बहुधा बंदच ठेवावी लागते; म्हणून हा वेळ नीट वापरला जावा, यासाठी पुढील टप्पे दिले आहेत. ते दिलेल्या क्रमानेच घ्यावेत, कारण पत्रिका आधी पाहिली की तिच्यातील आकर्षक विषय हीच आपली गरज आहे असे वाटू लागते.

## टप्पा १ : अडलेल्या कामांची यादी

परिषदेच्या किमान पंधरा दिवस आधी एका कागदावर आपल्या ग्रंथालयातील अडलेली कामे लिहावीत. आठवेल ते लिहिण्यापेक्षा चार ठिकाणी पाहून लिहिणे चांगले : मागील तपासणीतील शेरे, गेल्या वर्षीचा वार्षिक अहवाल, वाचकांची सूचना वही आणि देवघेव सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचे रोजचे अनुभव. यांपैकी शेवटचे बहुतेक वेळा विसरले जाते. खिडकीवर बसणाऱ्या लिपिकाला कोणती गोष्ट दिवसातून दहा वेळा अडते, हे विचारले तर यादीतील निम्मी कामे तिथेच सापडतात.

यादीतील प्रत्येक ओळ नेमकी असावी. ‘ग्रंथालयाचे संगणकीकरण’ असे लिहिले तर परिषदेतील अर्धी सत्रे त्यात बसतील आणि निवड होणारच नाही. त्याऐवजी ‘पंधरा वर्षांपूर्वी केलेल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत, नव्या प्रणालीत त्या रोमन अक्षरांच्या अर्थहीन ओळी म्हणून दिसतात, त्या पुन्हा टंकलिखित न करता कशा बदलाव्यात?’ असे लिहावे. जुन्या फॉन्टमध्ये साठवलेली अक्षरे मुळात रोमन संकेतांचीच असतात आणि केवळ त्या फॉन्टमुळे मराठी दिसतात. म्हणून प्रणाली बदलली की ही अडचण येतेच, आणि आपल्या भागातील अनेक ग्रंथालयांपुढे ती उभी आहे. ओळ इतकी नेमकी झाली की तिचे उत्तर देणारे सत्र ओळखता येते.

उदाहरणादाखल दोन याद्या पाहू. समजा, तासगाव तालुक्यातील एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाची यादी अशी आहे : सार्वजनिक ग्रंथालयांना साहाय्य देणाऱ्या केंद्र शासनाच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या असमान निधी योजनेतून साहाय्य मागायचे आहे, पण प्रस्तावात कोणती कागदपत्रे कमी पडतात हे कळत नाही, बालविभागाचे सभासद सुट्टीनंतर टिकत नाहीत, फाटलेल्या आणि कालबाह्य पुस्तकांचे निर्लेखन (संग्रहातून रीतसर काढून टाकणे) अनेक वर्षे झालेले नाही. समजा, कराडच्या एका अनुदानित महाविद्यालयाची यादी अशी आहे : जुन्या प्रणालीतून कोहा या मुक्त ग्रंथालय प्रणालीत जायचे की विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या सोल प्रणालीत, याचा निर्णय व्यवस्थापनापुढे मांडायचा आहे, एन-लिस्ट या महाविद्यालयांना ई-नियतकालिके व ई-पुस्तके देणाऱ्या सेवेचे सदस्यत्व आहे, पण विद्यार्थी ते उघडत नाहीत, ग्रंथपडताळणीसाठी (नोंदीतील ग्रंथ प्रत्यक्षात आहेत का ते मोजून पाहण्यासाठी) ग्रंथालय किती दिवस बंद ठेवावे हे ठरत नाही. आणि कृष्णाकाठच्या ग्रंथालयांनी, मग ती सांगलीतील असोत वा पलूस-वाळव्याकडची, २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवून एक ओळ आपत्तीच्या तयारीची लिहिलीच पाहिजे.

यादी झाली की प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करावी.

‘निर्णय’ : पर्याय समोर आहेत, त्यांतून निवड करायची आहे. कोहा की सोल, हा असा प्रश्न आहे.

‘हातचे काम’ : काय करायचे ते ठरले आहे, पण करता येत नाही. फॉन्टचे रूपांतर किंवा मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या प्रमाणित संगणकीय पद्धतीने नोंद करणे यात येते.

‘नियम’ : कोणता नियम लागू आहे, कोणाकडे अर्ज करायचा, कोणती कागदपत्रे लागतात, याची माहिती हवी आहे.

पुढची सगळी निवड या तीन खुणांवर उभी आहे. निर्णयाची ओळ घेऊन कार्यशाळेत बसले तर एकाच प्रणालीचे बारकावे कळतात आणि तुलना होत नाही; हातच्या कामाची ओळ घेऊन परिसंवादात बसले तर चर्चा छान होते, पण हात रिकामेच राहतात. माझ्या पाहण्यात सर्वाधिक चूक इथेच होते : विषय बरोबर निवडला जातो, सत्राचा प्रकार चुकतो.

शेवटी यादीतील तीन ओळी अधोरेखित कराव्यात. दोन दिवसांच्या परिषदेत तीनपेक्षा अधिक प्रश्नांचा पाठपुरावा होत नाही.

तपासणी : अधोरेखित केलेली प्रत्येक ओळ वाचून स्वतःला विचारावे, ‘सत्र संपल्यावर उत्तर मिळाले की नाही हे मला हो किंवा नाही असे सांगता येईल का?’ येत नसेल तर ओळ अजून मोघम आहे.

## टप्पा २ : कार्यक्रमपत्रिका मिळवणे आणि नीट वाचणे

परिषदेचे पहिले परिपत्रक येते त्यात मुख्य विषय आणि उपविषयांची लांबलचक यादी असते. अनेकजण ही यादी सत्रांची समजतात आणि ‘निर्लेखनावर सत्र आहे’ असे गृहीत धरून नोंदणी शुल्क भरतात. उपविषयांची ती यादी शोधनिबंध मागवण्यासाठी असते. एखाद्या उपविषयावर एकही निबंध आला नाही तर त्यावर सत्र होत नाही आणि आलेला एकमेव निबंध दुसऱ्याच सत्रात घातला जातो. खरी कार्यक्रमपत्रिका उशिरा, कधी कधी परिषदेच्या आदल्या आठवड्यात तयार होते.

म्हणून समन्वयकांना फोन करून किंवा संदेश पाठवून पुढील गोष्टी विचाराव्यात : वेळ आणि सभागृह यांसह पत्रिका केव्हा मिळेल, समांतर सत्रे आहेत का, कार्यशाळेसाठी वेगळी नोंदणी किंवा जागांची मर्यादा आहे का, लॅपटॉप आणावा लागेल का. हे विचारण्यात संकोच करू नये. समन्वयक बहुधा आपल्यासारखेच ग्रंथपाल असतात आणि कोणाला काय हवे आहे हे आधी कळले तर त्यांनाही आखणी सोपी जाते.

पत्रिका हाती आली की केवळ शीर्षकावर जाऊ नये. ‘डिजिटल युगातील ग्रंथालयांची बदलती भूमिका’ या शीर्षकाखाली काहीही येऊ शकते. सारांश उपलब्ध असेल तर त्यात क्रियापदे शोधावीत : ‘केले’, ‘मोजले’, ‘बदलले’ अशी असतील तर प्रत्यक्ष कामाचा अनुभव ऐकायला मिळेल, ‘आवश्यक आहे’, ‘झाले पाहिजे’ एवढीच असतील तर ते सत्र आपल्या यादीतील प्रश्न सोडवणार नाही. त्यानंतर वक्ता कुठे काम करतो ते पाहावे. विद्यापीठाच्या मोठ्या ग्रंथालयातील उपाय दोन कर्मचाऱ्यांच्या वाचनालयात जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्याएवढ्याच ग्रंथालयातील, म्हणजे जत किंवा पाटणसारख्या तालुक्याच्या गावी काम करणारा एखादा ग्रंथपाल दहा मिनिटांचा निबंध वाचणार असेल, तर तो आपल्याला नामवंत वक्त्याच्या तासाभराच्या भाषणापेक्षा अधिक उपयोगी पडण्याचा संभव आहे.

इशारा : तांत्रिक सत्र म्हणून छापलेले काही कार्यक्रम प्रत्यक्षात एखाद्या कंपनीच्या उत्पादनाचे सादरीकरण असतात. वक्त्याच्या नावापुढील पद आणि संस्था पाहिली की हे लगेच कळते. अशा सत्राला जाणे चूक नाही, पण तिथे तटस्थ तुलना मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

## टप्पा ३ : सत्राचा प्रकार आणि आपली खूण यांचा मेळ

या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा.

उद्घाटन आणि बीजभाषण. उद्घाटनाला शिष्टाचार म्हणून बसावेच लागते आणि त्या वेळी समांतर सत्रे नसतातच, त्यामुळे निवडीचा प्रश्न येत नाही. बीजभाषणातून पुढील काही वर्षांची दिशा कळते. यादीतील ओळींची उत्तरे तिथे शोधू नयेत.

शोधनिबंध वाचन. तासा-दीड तासात सहा ते आठ निबंध वाचले जातात आणि एकेकाला आठ-दहा मिनिटे मिळतात. हे निबंध बहुधा संग्रहात छापलेले असतात आणि संग्रह नोंदणीच्या वेळीच हातात येतो. म्हणून सोपा नियम असा : जो निबंध घरी वाचता येईल तो ऐकण्यासाठी सत्र खर्च करू नये, ज्या निबंधकाराला प्रश्न विचारायचा आहे त्याच्याच सत्राला जावे. निबंध आदल्या रात्री वाचून, त्यात न लिहिलेले विचारावे. किती दिवस लागले, किती माणसे लागली, काय फसले, या गोष्टी छापील निबंधात क्वचितच येतात, पण विचारले तर सहकारी मोकळेपणाने सांगतात.

ग्रंथपडताळणीचे उदाहरण घेऊ. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम २१५ प्रमाणे २०,००० पर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी संपूर्ण पडताळणी, २०,००० ते ५०,००० असतील तर किमान तीन वर्षांतून एकदा संपूर्ण पडताळणी आणि ५०,००० हून अधिक असतील तर तीन वर्षांपेक्षा जास्त नसलेल्या अंतराने नमुना पडताळणी अपेक्षित आहे. वर्षभरात दिलेल्या किंवा वाचलेल्या दर १,००० ग्रंथांमागे पाच ग्रंथांपर्यंतची हानी, त्यात अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसेल तर, वाजवी मानली जाते. हा नियम केंद्रीय संस्थांसाठी असला तरी इतर ग्रंथालयेही त्याचा आधार घेतात. हे सर्व घरी बसून वाचता येते, त्यासाठी सत्राला जाण्याचे कारण नाही. पण तीन कर्मचाऱ्यांच्या बळावर, वाचकांची देवघेव फार न अडवता, कपाटांचे गट पाडून पडताळणी कोणी पूर्ण केली असेल, तर ते ऐकण्यासाठी अवश्य जावे.

कार्यशाळा. ‘हातचे काम’ अशी खूण केलेल्या ओळींसाठी पहिली पसंती इथेच. कार्यशाळेतील गोष्ट नंतर वाचून भागत नाही. मात्र कार्यशाळेची पातळी पाहावी. कोहाची ओळख करून देणारी कार्यशाळा ज्याने कोहा आधीच वापरला आहे त्याच्या कामाची नाही. त्याला नोंदींचे स्थलांतर, मराठी शोध किंवा बॅकअप यांवरचे सत्र हवे. कार्यशाळेत प्रत्येकाला स्वतःच्या यंत्रावर काम करायला मिळणार आहे की पडद्यावर पाहायचे आहे, हेही आधी विचारावे. पडद्यावर पाहण्याची कार्यशाळा म्हणजे भाषणच आहे, आणि भाषणाच्या कसोटीवरच ती निवडावी.

परिसंवाद आणि अनुभवकथन. ‘निर्णय’ खुणेच्या ओळींसाठी ही सत्रे उत्तम, कारण एकाच व्यासपीठावर वेगवेगळे पर्याय वापरलेली माणसे बसतात. कोहाच्या परवान्याला पैसे पडत नाहीत हे सर्वांना ठाऊक असते. सर्व्हर, बॅकअप, देखभाल करणारा माणूस आणि तो सोडून गेल्यावर काय होते, हा खर्च परिसंवादातच बाहेर येतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-ग्रंथालय प्रणालीबद्दलही वापरणाऱ्यांकडूनच ऐकावे.

शासकीय योजना आणि नियमांवरील सत्रे. ‘नियम’ खुणेच्या ओळींसाठी. ग्रंथालय संचालनालयातील, विद्यापीठातील किंवा इन्फ्लिबनेटमधील संबंधित अधिकारी बोलणार असतील तर त्या सत्राला प्राधान्य द्यावे. तोच विषय त्रयस्थ वक्ता मांडणार असेल तर नको. इथे आपल्या संस्थेला योजना लागू आहे का, हे आधी पडताळून पाहणे फार महत्त्वाचे आहे. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आली आणि परिषदांमध्ये तिच्यावर सत्रे होऊ लागली. ही योजना केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्र शासनाच्या संशोधन संस्था यांच्यासाठी मंजूर झाली. सातारा-सांगलीतील बहुतेक महाविद्यालये खाजगी शिक्षण संस्थांची आहेत. तेव्हा त्या सत्रात जाऊन डेटाबेस वापरण्याची तपशीलवार माहिती ऐकण्याआधी ‘आमचे महाविद्यालय पात्र आहे का?’ हा एक प्रश्न समन्वयकांमार्फत किंवा इन्फ्लिबनेटकडे विचारून घ्यावा. उत्तर ‘नाही’ आले तर तो तास एन-लिस्टच्या वापराबद्दलच्या सत्राला द्यावा.

संवर्धन आणि डिजिटायझेशन. या दोन शब्दांखाली अगदी भिन्न गोष्टी येतात, म्हणून सारांश वाचल्याशिवाय निवडू नयेत. पुराच्या भीतीने जाणाऱ्याला हस्तलिखितांच्या रासायनिक प्रक्रियेवरील सत्राचा उपयोग नाही. भिजलेल्या कागदावर ४८ ते ७२ तासांत बुरशी धरू लागते, गुळगुळीत आर्ट पेपरची पाने वाळताना एकमेकांना चिकटतात आणि पुस्तके गोठवली तर निर्णयाला वेळ मिळतो. अशा पहिल्या तीन दिवसांच्या कामावर बोलणारा वक्ता त्याने शोधावा. डिजिटायझेशनच्या सत्रात कायद्याचा भाग आहे का, तेही पाहावे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एन) नुसार विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे छापील प्रत असलेली कृती जतनासाठी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. ती सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकण्याची मुभा त्यातून मिळत नाही. हा फरक न सांगणारे सत्र ऐकून परतलेला ग्रंथपाल अडचणीत येऊ शकतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता. अलीकडे जवळजवळ प्रत्येक परिषदेत यावर सत्र असते आणि सभागृह भरलेले असते. माझे मत असे, की वक्ता एखाद्या ग्रंथालयात प्रत्यक्ष चालू असलेले काम दाखवणार असेल, उदाहरणार्थ मराठी छापील मजकुराची अक्षरओळख किंवा विषयशीर्षके सुचवणे, तरच जावे. यादीत त्या विषयाची ओळ नसताना केवळ मागे पडू नये म्हणून त्याला तास देऊ नये.

विक्रेत्यांची दालने. ही सत्रे नसली तरी वेळापत्रकात त्यांना जागा द्यावी. आरएफआयडी (पुस्तकातील टॅग रेडिओ लहरींनी वाचणारी यंत्रणा) घ्यायचे असेल तर चहाच्या सुट्टीतील पाच मिनिटांत भागत नाही. टॅग कोणत्या वारंवारतेचे आहेत, माहिती आयएसओ २८५६० मानकाप्रमाणे साठवली जाते का, उद्या दुसऱ्या कंपनीचा वाचक-यंत्रसंच घेतला तर हेच टॅग चालतील का, हे प्रश्न विचारून लेखी उत्तर मागावे.

तपासणी : निवडलेल्या प्रत्येक सत्रापुढे यादीतील ओळीचा क्रमांक लिहावा. क्रमांक लिहिता येत नसेल तर ते सत्र आवडीचे आहे, गरजेचे नाही. आवडीचे एक सत्र ठेवायला हरकत नाही, ठेवावेच. दोन ठेवू नयेत.

## टप्पा ४ : समांतर सत्रांत निवड आणि वाटणी

एकाच वेळी तीन सभागृहांत सत्रे असतील तर प्रत्येक वेळेसाठी एक मुख्य आणि एक पर्यायी सत्र लिहून ठेवावे. वक्ता आला नाही, सत्र पुढे ढकलले गेले किंवा दोन सत्रे एकत्र केली गेली, असे घडतेच. तेव्हा दाराशी उभे राहून विचार करण्यात वीस मिनिटे जातात.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाटणी. एकाच तालुक्यातून चार ग्रंथपाल एका गाडीतून जातात आणि चौघेही दोन दिवस एकाच रांगेत बसतात, हे थांबले पाहिजे. निघण्यापूर्वी चौघांनी आपापल्या याद्या एकमेकांना दाखवाव्यात आणि कोण कुठे बसणार ते ठरवावे. वरील उदाहरणातील कराडच्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल कोहावरील परिसंवादाला बसतील, तासगावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल त्याच वेळी योजनांच्या सत्राला जातील आणि दोघेही एकमेकांसाठी दोन-दोन प्रश्न घेऊन जातील. मात्र ‘माझ्यासाठीही ऐकून ये’ एवढे सांगणे पुरेसे नाही. प्रश्न लिहूनच द्यावा, कारण ऐकणाऱ्याला आपली अडचण आपल्याइतकी ठाऊक नसते. ‘हातचे काम’ अशी खूण असलेली ओळ दुसऱ्याकडे कधीही सोपवू नये, कारण दुसऱ्याने केलेल्या सरावाने आपला हात बसत नाही.

स्वतःचा निबंध वाचायचा असेल तर त्या सत्राच्या वेळेसह आधीचा अर्धा तासही निवडीतून वगळावा.

## टप्पा ५ : प्रवास आणि परवानगी

कर्तव्य रजेचा अर्ज पत्रिकेच्या प्रतीसह द्यावा आणि त्यात अधोरेखित केलेल्या तीन ओळी लिहाव्यात. प्राचार्यांना किंवा वाचनालयाच्या कार्यकारिणीला खर्चाचे कारण कळते. ३१ मार्चच्या तोंडावर परिषद असेल तर वार्षिक हिशेबाची कामे आधी मोकळी करावीत, नाहीतर सत्रात बसून फोनवर पावत्यांची चौकशी सुरू राहते.

पहिल्या सकाळचे आणि शेवटच्या दुपारचे सत्र प्रवासामुळे बुडते. परिषद पुण्यात असेल तर साताऱ्याहून पहाटे निघणारे खंबाटकी घाटातील कोंडीत अडकू शकतात. सांगली-मिरजेकडच्यांनी तर आदल्या दिवशी मुक्कामालाच पोहोचावे. परिषद कोल्हापुरात असेल तर हीच काळजी सांगलीकरांना कमी आणि सातारकरांना अधिक. अधोरेखित ओळीचे सत्र शेवटच्या दुपारी असेल तर परतीचे आरक्षण ते पाहूनच करावे.

## टप्पा ६ : बरोबर नेण्याच्या गोष्टी

- प्रत्येक निवडलेल्या सत्रासाठी एक लेखी प्रश्न. त्यात आपल्या ग्रंथालयाचा आकार सांगणारे अर्धे वाक्य असावे : ‘आमच्याकडे अमुक ग्रंथ आणि दोन कर्मचारी आहेत.’ त्यामुळे वक्त्याला नेमके उत्तर देता येते.
- अडचणीचा नमुना. जुन्या फॉन्टमधील वीस-पंचवीस नोंदींची फाइल पेन ड्राइव्हवर, परत आलेल्या प्रस्तावाची झेरॉक्स, बुरशी आलेल्या पुस्तकाची छायाचित्रे. नमुना दाखवला की पाच मिनिटांत उत्तर मिळते.
- कार्यशाळेसाठी आवश्यक प्रणाली आधीच टाकलेला लॅपटॉप आणि लांब वायरचा एक्सटेन्शन बोर्ड.

इशारा : नमुना म्हणून नोंदी नेताना सभासदांची नावे, पत्ते, फोन क्रमांक आणि त्यांनी नेलेल्या पुस्तकांचा तपशील काढून टाकावा. वाचक काय वाचतो हे ग्रंथपालाने जपायचे असते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर याबाबत अधिकच जागरूक राहायला हवे.

## टप्पा ७ : प्रत्यक्ष परिषदेत

पोहोचताच नोंदणी कक्षाजवळच्या फलकावरील पत्रिका आपल्या कागदाशी ताडून पाहावी आणि बदल टिपून घ्यावेत. दुपारच्या जेवणानंतर पुन्हा एकदा पाहावी, कारण सकाळी लांबलेल्या उद्घाटनाचा भार बहुधा दुपारच्या सत्रांवर येतो आणि प्रश्नोत्तरांची वेळ आधी कापली जाते. तसे दिसले तर सत्र सुरू होण्यापूर्वीच सत्राध्यक्षांना चिठ्ठी द्यावी किंवा वक्त्याला भेटून ‘सत्रानंतर पाच मिनिटे द्याल का?’ असे विचारून ठेवावे.

सत्र सुरू होऊन पंधरा मिनिटे झाली आणि ते सारांशात दिल्याप्रमाणे नाही असे दिसले, तर पर्यायी सत्राकडे जावे. आपल्याकडे मध्येच उठणे अनादराचे मानले जाते आणि ती भावना योग्यच आहे; म्हणून पर्याय ठेवलेल्या सत्रात कडेच्या, मागच्या बाजूच्या खुर्चीवर बसावे आणि एक वक्ता संपून दुसरा सुरू होण्याच्या मधल्या वेळेत शांतपणे बाहेर पडावे. कार्यशाळेतून मात्र असे उठू नये, कारण तिथली जागा मर्यादित असते आणि ती आपण दुसऱ्या कोणाला नाकारून घेतलेली असते.

टिपणे घेताना वक्त्याचे प्रत्येक वाक्य उतरवू नये. पानाच्या वर ओळीचा क्रमांक, त्याखाली उत्तर आणि शेवटी ‘सोमवारी काय करायचे’ ही एक ओळ, एवढे पुरे. पडद्यावरील प्रत्येक स्लाइडचे छायाचित्र काढण्याच्या नादात प्रश्न विचारायचा राहून जातो.

तपासणी : पहिल्या दिवशी रात्री तीन ओळी पुन्हा वाचाव्यात. एखाद्या ओळीचे उत्तर मिळाले असेल तर दुसऱ्या दिवशीचे त्या विषयाचे सत्र वगळून ती वेळ न सुटलेल्या ओळीला द्यावी. इथे आधी आखलेल्या निवडीला चिकटून राहू नये.

## टप्पा ८ : परतल्यानंतरचा आठवडा

परतल्यावर पहिल्या तीन दिवसांत एका पानाचा अहवाल लिहावा. त्यात सत्रांची यादी नको. तीन ओळी, त्यांची मिळालेली किंवा न मिळालेली उत्तरे आणि त्यावर प्रस्तावित काम एवढेच असावे. कार्यकारिणीपुढे किंवा ग्रंथालय समितीपुढे असा अहवाल गेला की पुढच्या परिषदेच्या प्रवासखर्चाला मंजुरी मिळवणेही सोपे होते.

वाटणी केलेल्या सहकाऱ्यांनी त्याच आठवड्यात फोनवर किंवा तालुक्याच्या ठिकाणी भेटून एकमेकांची उत्तरे सांगावीत. महिना गेला की टिपणातील अर्धी वाक्ये लिहिणाऱ्यालाही लागत नाहीत. ज्या वक्त्यांनी सादरीकरणाची प्रत किंवा नमुना अर्ज पाठवण्याचे कबूल केले असेल त्यांना सत्राचे नाव, दिवस आणि आपला प्रश्न यांची आठवण देऊन संदेश पाठवावा. ज्या ओळीचे उत्तर मिळाले नाही ती खोडू नये. तो कागद ग्रंथालयाच्या परिषद-फाइलमध्ये लावून ठेवावा आणि पुढच्या परिषदेची यादी करताना टप्पा १ ची सुरुवात त्याच ओळीपासून करावी.